बायपास माणगावला, पार्किंगचा दर अलिबागला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रायगड जिल्ह्यात शनिवार-रविवारी मुंबई-गोवा महामार्गावरच्या वडखळपासून अलिबागपर्यंत गाड्यांची रांग लागते, आणि लागून सुट्ट्या आल्या की माणगावला महामार्गच थांबतो. मग रस्ता चौपदरी करून गावाबाहेरून बायपास काढावा, की सिंगापूर-लंडनसारखं गाड्यांवर शुल्क लावावं?

दोन्ही गावांना एकच उत्तर लागू पडत नाही. माणगावला बायपास हवाच, आणि तो फार आधी व्हायला हवा होता. अलिबागला बायपासनं फार थोडं साधेल, तिथे उभ्या गाडीला दर लावावा लागेल. असं का, ते सविस्तर लिहितो, कारण कोकणातल्या बहुतेक गावांच्या कोंडीचा उलगडा या एकाच गोष्टीवर अवलंबून असतो: गाडी गावातून पुढे चालली आहे, की गावातच आली आहे?

हे अंदाजानं सांगता येत नाही, मोजावं लागतं. पद्धत जुनी आणि सोपी आहे. गावाच्या प्रत्येक वेशीवर दोन-दोन माणसं बसवायची. आत येणाऱ्या गाडीच्या नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे आणि वेळ एका वहीत, बाहेर पडणाऱ्या गाडीचं तसंच दुसऱ्या वहीत. संध्याकाळी वह्या जुळवायच्या. सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी उत्तरेच्या वेशीवर लिहिलेला आकडा पावणेबाराला दक्षिणेच्या वेशीवर सापडला, तर ती गाडी पुढे गेली. संध्याकाळपर्यंत कुठेच सापडला नाही, तर ती गावात थांबली. आता हे काम कॅमेरे करतात, पण कॉलेजातली पोरं आणि चार छत्र्या एवढ्यावरही ते उत्तम होतं. मात्र वार नीट निवडायला हवा. रस्त्याच्या प्रकल्पासाठी सलग सात दिवस मोजणी करून सरासरी काढायची पद्धत आहे, आणि कोकणात ती सरासरी दिशाभूल करते. मंगळवारी रिकामा असणारा रस्ता आणि शनिवारी तुंबलेला रस्ता यांची सरासरी काढली की कागदावर रस्ता पुरेसा दिसतो. तुमच्या गावाची मोजणी कुठल्या वारी, कुठल्या महिन्यात झाली, हे आधी विचारा.

आता माणगाव. मुंबई-गोवा महामार्ग भर बाजारातून जातो. एसटी स्टँड महामार्गालगत. निजामपूरकडून, म्हणजे ताम्हिणीमार्गे, पुण्याच्या गाड्या इथे उतरतात. दुसऱ्या बाजूनं मोर्बा-म्हसळामार्गे श्रीवर्धन-दिवेआगरचा रस्ता फुटतो. म्हणजे उत्तर-दक्षिण जाणारा लोंढा आणि त्याला छेदणारा पुणे-श्रीवर्धन लोंढा, दोन्ही त्याच अरुंद पट्ट्यात. महाड, खेड, चिपळूण, कणकवलीला निघालेल्या माणसाचं माणगावच्या बाजारात काही काम नसतं. तो नाइलाजानं तिथे असतो. अशा गाडीला बाहेरून वाट काढून देणं हाच उपाय. तिच्यावर शुल्क लावणं अन्यायाचं होईल, कारण तिला दुसरा रस्ताच नाही.

पण बायपास होईपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही, आणि हे मी कळकळीनं सांगतो, कारण कोकणात बायपास व्हायला पिढी जाते. जमीन मिळवणं हेच मोठं काम. सातबाऱ्यावर एकेका गटाला पंचवीस-तीस सामायिक हिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत, काहींचे वारस नोंदलेलेच नाहीत. मोबदला कुणाच्या नावे काढायचा इथपासून भांडण. खाडीकाठाला खाजण आणि कांदळवन, त्याच्या परवानग्या वेगळ्या. खाजणातल्या चिकणमातीवर भराव टाकला की तो वर्षानुवर्षं खचत राहतो, त्याला बसायला वेळ द्यावा लागतो. आणि पावसाळ्याचे चार महिने मातीकाम बंद. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाला २०११ च्या सुमारास हात लागला आणि माणगाव आणि त्याच्याजवळच्या इंदापूरचे बायपास अजून लोकांच्या तोंडी रखडलेल्या कामांच्या यादीतच असतात. कुणी तुम्हाला ‘दोन वर्षांत बायपास’ म्हणाला, तर जमिनीचा ताबा किती टक्के मिळालाय एवढंच विचारा.

तोवर काय करता येतं, ते कळण्यासाठी थोडा हिशोब करू. समजा, एका नाक्यातून एका दिशेला तासाला १२०० गाड्या निघू शकतात. शनिवारी सकाळी तीन तास १४०० च्या वेगानं गाड्या येत राहिल्या. तासाला २०० गाड्या मागे साठल्या, तीन तासांत ६००. एका गाडीला पुढच्या-मागच्या अंतरासकट सात मीटर धरले तर रांग चार किलोमीटरच्या वर गेली. शेवटच्या गाडीला अर्धा तास थांबावं लागलं. पुढे येणाऱ्या गाड्या तासाला ९०० पर्यंत उतरल्या तरी साठलेल्या ६०० ओसरायला आणखी दोन तास गेले. म्हणजे तीन तासांच्या जादा गर्दीनं पाच तास कोंडी.

हाच हिशोब उलटा वाचा. चार किलोमीटरची ती रांग उभी राहिली सातातल्या एका गाडीमुळे. सातातली एक गाडी त्या तीन तासांत आली नसती, किंवा नाक्यातून तासाला १२०० ऐवजी १४०० गाड्या निघाल्या असत्या, तर रांग लागलीच नसती. लोकांना वाटतं की एवढी मोठी कोंडी सोडवायची तर रस्ता दुप्पट हवा. दुप्पट नको असतो. अडलेल्या ठिकाणी सहावा हिस्सा जास्त मिळाला तरी पुरतं. विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञानं १९६९ साली हे चिंचोळ्या जागेचं गणित नीट मांडलं. रस्त्याला दर लावण्याची कल्पना तो त्याच्याही आधीपासून सांगत होता. १९९६ साली त्याला नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत तो गेला.

नाक्याची क्षमता कशानं मरते? महामार्गाची दोन पदरं असतात, पण नाक्यावर एकच वापरात असतं. एसटी रस्त्यातच थांबून उतारू घेते, कारण तिच्या थांब्याच्या जागेवर रिक्षा उभ्या असतात. रिक्षा तिथे असतात, कारण रिक्षा स्टँडवर फळवाल्याची हातगाडी आहे. हातगाडी तिथे आहे, कारण गिऱ्हाईक तिथेच गाडी थांबवतं. यात वाईट कुणीच नाही, प्रत्येक जण पोटासाठी उभा आहे. प्रत्येकाला पन्नास-शंभर मीटर पुढे, रस्त्याच्या आत वळलेली जागा आखून दिली तर नाका मोकळा होतो आणि कुणाचा धंदाही बुडत नाही. गावातल्या मंडळींना बरोबर घेऊन हे करावं लागतं. जेसीबी आणून केलं तर आठ दिवसांत सगळे परत त्याच जागी येतात.

आणि कोकणातली कोंडी कोंडी न राहता कुलूप होते ती तिसऱ्या रांगेमुळे. रांग हलत नाही म्हणून मागचा एक जण उजवीकडे, समोरच्या वाहतुकीच्या पदरात घुसतो. त्याच्यामागे आणखी वीस. समोरून ट्रक येतो. आता वीस जणांना डावीकडे घ्यायला जागा नाही आणि ट्रकला मागे जायला नाही. यापुढे पोलीस काहीही करोत, दोन-दोन तास दोन्ही दिशा बंद. नाक्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा किलोमीटर मध्ये दुभाजक, तो नसेल तर निदान रबरी खांब आणि बॅरिकेड, एवढं शुक्रवारी संध्याकाळी लावलं तर हे थांबतं. खर्च बायपासच्या तुलनेत नगण्य. आजारी माणसाला घेऊन निघालेली अँब्युलन्स त्या तिसऱ्या रांगेत अडकते तेव्हा तिला मागेही फिरता येत नाही, हे ज्यानं पाहिलंय तो या रबरी खांबांना किरकोळ म्हणणार नाही.

बायपास झाल्यावरची एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा. बायपासवर दोन्ही बाजूंना ढाबे, पेट्रोल पंप, प्लॉटचे फाटे थेट उघडू दिले, तर दहा-पंधरा वर्षांत बायपास हाच नवा बाजार होतो आणि त्याला बायपास काढायची वेळ येते. राज्यात अशी गावं शोधायला फार लांब जावं लागत नाही. ठरलेल्या दोन-तीन जागांशिवाय कुठेही रस्त्याला रस्ता लागू द्यायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा लागतो. नंतर तो लागू करता येत नाही, कारण तोवर तिथे कुणाचं तरी घर चालत असतं. गावातल्या व्यापाऱ्यांना धंदा जाण्याची भीती असते, ती खोटी नाही. चहा-वडापाववर चालणाऱ्या हॉटेलांना खरंच फटका बसतो. कापड, किराणा, औषधं, शेतीची अवजारं विकणाऱ्यांकडे मात्र आसपासची वीस-तीस गावं येतात. त्यांच्या दुकानापर्यंत पोचणं सोपं होतं.

आता अलिबाग. इथे चित्र उलटं आहे. शनिवारी कार्लेखिंडीतून उतरणारी पर्यटकाची गाडी बहुतांशी अलिबाग, वरसोली, आक्षी, नागाव, नाहीतर रेवदंडा-काशीदला चाललेली असते. गोव्याला जाणारा या रस्त्याला येतच नाही. मुरूड-काशीदला जाणाऱ्यांपुरता बायपासचा उपयोग आहे, तो मी नाकारत नाही. पण बाकीच्यांना समुद्र हवाय, आणि समुद्रापुढे रस्ता नाही. चौपदरी रस्त्यानं या गाड्या आणखी लवकर, आणखी एकगठ्ठा गावाच्या तोंडाशी येतील. गावातले रस्ते तेवढेच. किनाऱ्याजवळच्या पार्किंगच्या जागा तेवढ्याच.

शिवाय नवा रस्ता नव्या गाड्या घेऊन येतो. अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९६२ सालीच लिहिलं होतं की गर्दीच्या वेळी मोठा रस्ता पुन्हा भरतोच. जे आधी वेळ बदलून, मार्ग बदलून किंवा बसनं जात होते, ते सगळे परत येतात. पुढे २०११ मध्ये ड्युरांटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासली, तेव्हा महामार्गाची लांबी जितक्या टक्क्यांनी वाढली जवळपास तितक्याच टक्क्यांनी गाड्यांचं धावणं वाढलेलं आढळलं. आपल्याकडे अमेरिकेचा दाखला कशाला, असं म्हणाल तर दारातच पाहा. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, गाडी बोटीत घालून तासाभरात मांडव्याला. वडखळ टळलं ही फार चांगली सोय झाली. पण मांडव्याला उतरलेली गाडी चोंढीच्या नाक्यावर येते आणि सुट्टीला चोंढी अडते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, जवळपास २२ किलोमीटर. दक्षिण मुंबईतून पेणपर्यंतचा वेळ मोठ्या प्रमाणात वाचला. जो माणूस ‘चार तास कोण जाणार’ म्हणून घरी बसायचा, तो आता निघतो. त्याच्यापुढे एनए प्लॉट, बंगले, विकेंड होम. एकदा बंगला बांधला की तो दर शनिवारी येणारच.

म्हणून नवे रस्ते वाईट, असा अर्थ काढू नका. जास्त माणसं प्रवास करू शकली, इथल्या घरगुती खानावळींना आणि खोल्या देणाऱ्यांना चार पैसे मिळाले, हा फायदाच आहे. वडखळ-अलिबाग रस्ता रुंद आणि सुरक्षित व्हावा असं मलाही वाटतं. जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे, आणि तिथून मुंबईला हलवलेला रुग्ण याच रस्त्यानं जातो. फक्त ‘कोंडी संपेल’ या आश्वासनावर तो मागू नका. आणि अलिबागच्या पलीकडे, आक्षी-नागाव-चौल-रेवदंडा पट्ट्यात रुंदीकरणाची भाषा कुणी काढली तर दहादा विचार करा. तिथे रस्त्याला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. पर्यटक ज्या सावलीसाठी येतो ती तोडून त्याला येण्याची वाट करायची, हे मला पटत नाही. पोफळ पुन्हा लावून धरायला सहा-सात वर्षं जातात, आणि रस्त्यात गेलेली जागा तर कायमची जाते.

मग शुल्क. जगात ते चालतं का? चालतं, आणि पुरावा पक्का आहे. सिंगापूरनं १९७५ साली शहराच्या मध्यभागी शिरणाऱ्या गाड्यांपासून सुरुवात केली तेव्हा ना कॅमेरे होते ना संगणक. काचेवर चिकटवायचा कागदी परवाना, दिवसाला तीन सिंगापूर डॉलर, आणि वेशीवर उभी माणसं तो नजरेनं तपासायची. गाडीत चार किंवा जास्त माणसं असली तर माफी होती. सकाळच्या वेळची वाहतूक एकदम खाली आली. १९९८ पासून तेच काम इलेक्ट्रॉनिक कमानी करतात आणि दर वेळेनुसार बदलतो. लंडननं १७ फेब्रुवारी २००३ ला शहराच्या मध्यवर्ती क्षेत्रासाठी दिवसाला पाच पौंड लावले. क्षेत्रात शिरणाऱ्या गाड्या सुमारे १८ टक्क्यांनी घटल्या. पुढे मात्र तिथला वेग पुन्हा मंदावला, कारण रस्त्याची जागा बस-सायकलला दिली, खोदकामं वाढली आणि भाड्याच्या गाड्यांना माफी होती, त्या बेसुमार वाढल्या. माफीची यादी लांबली की शुल्क पोकळ होतं, हा तिथला धडा.

मला सगळ्यांत शिकण्यासारखं वाटतं ते स्टॉकहोम. तिथे लोकांचा विरोध होता. म्हणून २००६ मध्ये जानेवारी ते जुलै असे सात महिने फक्त चाचणी घेतली. गाड्या साधारण वीस टक्क्यांनी कमी झाल्या. वर केलेला सातातल्या एका गाडीचा हिशोब आठवा: वीस टक्के म्हणजे रांग जवळपास नाहीशी. चाचणी संपली आणि गाड्या परत वाढल्या, तेही लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. मग सप्टेंबरात मतदान झालं, शहरानं काठावरच्या बहुमतानं होकार दिला आणि ऑगस्ट २००७ पासून ते कायम झालं. आधी करून दाखवा, मग विचारा, हा क्रम आपल्याकडेही चालेल.

तरी अलिबागला लंडन उचलून आणता येणार नाही. येणारा मुख्य रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, तिथे नगरपरिषदेला स्वतःचा दर लावता येत नाही. आणि समजा लावला, तर वसूल कसा करणार? किनाऱ्याच्या काही गावांत पर्यटक कर किंवा पार्किंगची पावती फाडायला रस्त्यातच माणूस उभा असतो, ते पाहा. गाडी थांबते, काच खाली येते, ‘कसले पैसे’ असा वाद होतो, पाचशेची नोट पुढे येते, सुट्टे शोधले जातात, पावती फाडली जाते. वीस सेकंद धरले तरी तासाला १८० गाड्या. ज्या रस्त्यावरून हजार गाड्या निघू शकतात त्याचं तोंड आपणच १८० वर आवळलं. कोंडी कमी करायला घेतलेले पैसेच कोंडी करतात. धावत्या रस्त्यावर रोख वसुली नको, कुठल्याही नावाखाली नको.

दुसरी चूक म्हणजे ‘बाहेरच्या गाड्यांना लावा’. बाहेरची गाडी कोणती? एमएच ०६ म्हणजे आपली असं धरलं तर पनवेलची एमएच ४६ याच जिल्ह्यातली असून बाहेरची ठरते. ठाण्यात राहणारा, आईला भेटायला दर पंधरा दिवसांनी चौलला येणारा चाकरमानी एमएच ०४ घेऊन येतो, त्याला तुम्ही पर्यटक ठरवणार. मुंबईच्या बंगलेवाल्याची इथे ठेवलेली गाडी मात्र एमएच ०६. माणसाची जात-गाव बघून दर लावायला गेलात की भांडणं आणि वशिले, दुसरं काही हाती येत नाही. दर जागेला आणि वेळेला लावा, मग गाडी कुणाचीही असो.

जागेला दर म्हणजे पार्किंग. नगरपरिषदेच्या हातात असलेलं हे खरं हत्यार आहे. आज शनिवारी दुपारी समुद्राजवळच्या रस्त्यावर जागा शोधत गाडी तीन-तीन फेऱ्या मारते, शेवटी कुणाच्या तरी गेटसमोर लावते. त्या फेऱ्या हीच गावातली निम्मी गर्दी भासते. डोनाल्ड शुप या अमेरिकी प्राध्यापकानं आयुष्यभर याच विषयावर काम केलं. त्याचं सूत्र असं की दर इतका ठेवायचा की प्रत्येक रस्त्यावर साधारण पंधरा टक्के जागा मोकळी राहावी, म्हणजे सातातली एक. जागा मोकळीच असेल तर दर शून्य करा. भरून वाहत असेल तर वाढवा. सोमवारी ते गुरुवारी अलिबागच्या किनाऱ्यावर पैसे घ्यायचं कारणच नाही. शनिवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मात्र पहिल्या ओळीतली जागा महाग हवी, आणि गावाबाहेर मैदानावरची फुकट, तिथून किनाऱ्यापर्यंत दर दहा मिनिटांनी मिनीबस. गावात राहणाऱ्यांना घरासमोरच्या रस्त्यासाठी नाममात्र वार्षिक पास, तोही प्रत्येक घराला एक. पैसे क्यूआर कोडनं किंवा फास्टॅगनं, गाडी उभी राहिल्यावर. काही विमानतळांच्या पार्किंगमध्ये फास्टॅगनं पैसे कापलेही जातात, तेव्हा तंत्राची अडचण नाही.

गाडी बाहेर ठेवून पर्यटक आत येईल का, ही शंका मला नेहमी विचारतात. याच जिल्ह्यात माथेरान आहे. दस्तुरी नाक्याच्या पुढे पर्यटकाची गाडी जात नाही, नगरपरिषद प्रवासी कर घेते, आणि तरी माणसं येतात. अलिबाग माथेरान नाही, इथे गाड्या बंद करा असं मी म्हणत नाही. पण गाडी ठेवायची जागा स्पष्ट असेल आणि पुढची सोय भरवशाची असेल तर आपला माणूस गाडी ठेवतो, एवढं तिथे सिद्ध झालंय. मिनीबस तासाला एक असेल तर मात्र कुणी ठेवणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

दराची एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोकणात येणारी पर्यटकांची गाडी भरलेली असते, चार-पाच माणसं. खोलीला पाच हजार मोजणाऱ्या कुटुंबाला पार्किंगचे दोनशे जाणवत नाहीत. ते येणारच. त्यांची येण्या-जाण्याची वेळ मात्र हलते, आणि आपल्याला तेवढंच पुरतं. इथे एका कारणाकडे कुणी बघत नाही: सगळ्या लॉज-रिसॉर्टची खोली ताब्यात देण्याची वेळ साधारण एकच, आणि सोडण्याची वेळही एकच. म्हणजे शनिवारी सगळे एकाच वेळी पोचायला धडपडतात. रविवारी खोली सोडून किनाऱ्यावर जातात आणि जेवून दुपारी तीन ते सात या वेळात एकदम परत निघतात. तालुक्यातल्या खोलीवाल्यांनी ठरवून रविवारी निम्म्या खोल्या रात्री आठपर्यंत ठेवू दिल्या आणि निम्म्यांना सकाळी लवकर निघाल्यास नाश्ता बांधून दिला, तर रविवारची ती रांग दोन वेळांत विभागते. याला ना निविदा लागते ना भूसंपादन. घरगुती निवास चालवणाऱ्यांच्या संघटना हे एका बैठकीत ठरवू शकतात, आणि त्यांचे पाहुणे वडखळला कमी ताटकळले तर पुन्हा येतील, हा त्यांचाच स्वार्थ आहे.

गाड्यांची संख्याच बांधून टाकायचा मार्गही आहे. उटी आणि कोडाईकनालला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं मे २०२४ पासून ई-पास सुरू झाला, पुढच्या वर्षी उन्हाळ्यात रोजच्या गाड्यांवर मर्यादाही आली. डोंगरावर चढणारे घाट मोजके, म्हणून तिथे तपासणी जमते. अलिबागला वडखळकडून, मांडव्याकडून, रोहा-रेवदंड्याकडून, सगळीकडून येता येतं. शिवाय ज्यांची घरं इथे आहेत त्यांना पास मागायला लावणं मला रुचत नाही. माझ्या मते हा शेवटचा उपाय.

‘दर लावला की श्रीमंत येणार, गरीब जाणार’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण आज काय चालू आहे? एसटीनं जाणारी रेवदंड्याची कोळीण पर्यटकांच्या गाड्यांमागे तासभर अडकते. तिनं ना गाडी आणली ना गर्दी केली, आणि किंमत तिनं मोजली. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकानुसार एसटी रस्त्यावर तीन मोटारींएवढी जागा धरते आणि चाळीसच्या वर माणसं नेते. तीन भरलेल्या मोटारी पंधरा नेतात. पार्किंगचा पैसा नगरपरिषदेच्या सर्वसाधारण खात्यात गडप न होता त्याच रस्त्यांवरच्या मिनीबस, फूटपाथ आणि स्वच्छतागृहांवर खर्च झाला, आणि दर महिन्याचा जमाखर्च फलकावर लागला, तर दर न्याय्य ठरतो. तसं होणार नसेल तर लोकांनी विरोध करावा, मीही करेन.

गणपतीचं वेगळं. चतुर्थीला घरी पोचायचं म्हणजे पोचायचं, त्याला दर लावून कुणी थांबणार नाही आणि लावूही नये. सरकार त्या काळात कोकणात जाणाऱ्यांना टोल माफ करतं ते योग्यच आहे. तिथे कामाला येतात एसटीच्या जादा गाड्या, कोकण रेल्वेच्या विशेष गाड्या, अवजड वाहनांवरची वेळेची बंदी, आणि वर सांगितलेले नाक्यावरचे रबरी खांब. गणपतीसाठी रस्ता बांधायला गेलात तर वर्षातले साडेतीनशे दिवस तो रिकामा राहील. शिमग्याला आणि मे महिन्यातही थोड्याफार फरकानं हेच.

तुम्ही आता काय करावं? नगरपरिषदेकडे आणि वाहतूक पोलिसांकडे एकच लेखी मागणी करा: डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी अलिबागच्या तिन्ही वेशींवर नंबरप्लेटची मोजणी आणि त्याच दोन दिवशी किनाऱ्याजवळच्या रस्त्यांवर दर तासाला उभ्या गाड्यांची मोजणी. पुढे गेलेल्या गाड्या एक तृतीयांशाहून जास्त निघाल्या तर बायपासचा आग्रह धरा, मी चुकीचा ठरलो म्हणा. त्याहून कमी निघाल्या तर जानेवारी ते मे पाच महिने पार्किंग दराची चाचणी मागा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली वाहनांवर निर्बंध घालता येतात आणि कलम ११७ खाली पार्किंगच्या जागा ठरवता येतात, तेव्हा अधिकार नाही हे उत्तर ऐकून परत येऊ नका. मिनीबस मात्र दराच्या आधी सुरू व्हायला हवी, निदान दोन आठवडे.